एक प्रिंटर आणि तीन संगणक

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत संगणकाची खोली असेल. खोलीत चार-सहा संगणक असतील. पण प्रिंटर? तो बहुधा एकच, आणि तोही कार्यालयात, भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारी. त्या एका प्रिंटरवर सगळ्या संगणकांतून छापता आले तर किती बरे होईल, असे तुम्हांला कधी वाटले आहे काय? वाटले असेल, तर पुढील हकिगत तुमच्यासाठी आहे.

एका खेड्यातील माध्यमिक शाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी विज्ञान शिकवते. एका बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, आमच्या नववीतल्या एका मुलीला तुमच्याशी बोलायचं आहे."

मुलीने थोडक्यात अडचण सांगितली. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी गावातील विहिरींच्या पाण्याची पातळी तीन महिने मोजून चौदा पानांचा अहवाल तयार केला होता. शनिवारी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तो मांडायचा होता. अहवाल प्रयोगशाळेतील संगणकावर लिहिलेला, प्रिंटर मात्र कार्यालयातील संगणकाला जोडलेला. म्हणून फाइल पेनड्राइव्हवर घेऊन कार्यालयात जावे लागे. तिथल्या संगणकावर तो मराठी फाँट नव्हता. फाइल उघडली की जोडाक्षरे मोडत, ओळी सरकत आणि आलेख भलत्याच पानावर जाऊन बसत. दुरुस्ती करायची तर पुन्हा प्रयोगशाळा, पुन्हा कार्यालय. दोन दिवस हे पाहून भाऊसाहेब म्हणाले होते, "आता एकदाच या, आणि पक्कं करून या."

एवढे सांगून मुलीने विचारले, "सर, तिन्ही संगणक तारेने एकाच पेटीला जोडलेले आहेत. इंटरनेट तिन्हींवर येतं. मग प्रिंटर का येत नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर आता आपण क्रमाक्रमाने पाहू.

पत्ता आणि खिडकी

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. तो चार आकड्यांचा असून प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. शाळेतील कार्यालयाच्या संगणकाचा पत्ता होता १९२.१६८.१.१०. ज्यांची सुरुवात १९२.१६८ ने होते ते पत्ते घरातल्या घरात वापरावयाचे असतात. एखाद्या वाड्यात 'मागची खोली', 'माडीवरची खोली' म्हटले की घरच्यांना कळते, पण पोस्टमनला त्याचा उपयोग नसतो, तसेच हे.

परंतु नुसता पत्ता पुरत नाही. एकाच संगणकावर अनेक कामे चालू असतात. तालुक्याच्या कचेरीत दाखल्याची खिडकी वेगळी आणि सातबाराची खिडकी वेगळी असते. त्याचप्रमाणे संगणकालाही क्रमांक दिलेल्या खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. छपाईच्या कामासाठी जगभर ठरलेली खिडकी ६३१ क्रमांकाची आहे.

शाळेतील संगणकांवर उबुंटू ही लिनक्स जातीची प्रणाली होती. तिच्यात छपाईचे काम 'कप्स' नावाचा प्रोग्राम पाहतो. हा प्रोग्राम खिडकी क्रमांक ६३१ वर बसून राहतो. आलेली कामे रांगेत लावणे, प्रत्येक कामाला क्रमांक देणे आणि प्रिंटर मोकळा झाला की पुढचे काम त्याच्या हाती देणे ही त्याची जबाबदारी. रांग असल्यामुळे दोघांनी एकाच वेळी छपाई सांगितली तरी एकाच्या पानात दुसऱ्याचे पान मिसळत नाही.

मग अडते कुठे? मूळ मांडणीत ही खिडकी फक्त आतल्या बाजूने उघडी ठेवलेली असते. त्याच संगणकावर काम करणाऱ्याचेच ती ऐकते, बाहेरच्यांसाठी झडप बंद असते. म्हणूनच तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाचा निरोप दारापर्यंत येतो आणि तसाच परत जातो. यात कुणाचा आळस नाही. अनोळखी माणसाला आपण होऊन दार उघडू नये, हा शहाणपणा त्यामागे आहे.

जाळे विणले कशासाठी?

इथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर नावाचे तंत्रज्ञ होते. प्रकाशाच्या किरणाने थेट पान 'लिहिता' येईल, ही त्यांची कल्पना. १९७१ साली ते कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधनकेंद्रात आले आणि तिथे लेसर प्रिंटर तयार झाला. यंत्र मोठे आणि महाग. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवणे शक्यच नव्हते. तेव्हा अनेक संगणकांनी मिळून तो वापरावा कसा, असा प्रश्न उभा राहिला.

त्याच केंद्रातील रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये एक टिपण लिहिले. सगळे संगणक एका तारेवर जोडावेत आणि त्यांनी एकमेकांना निरोपांची पाकिटे पाठवावीत, अशी ती योजना होती. तिचे नाव ईथरनेट. आज तुमच्या शाळेतील संगणक ज्या तारेने जोडलेले असतात ती याच योजनेची पुढची पिढी. ईथरनेटच्या निर्मितीमागे जी कारणे होती त्यांत लेसर प्रिंटर सर्वांना वापरता यावा हे एक महत्त्वाचे कारण होते. म्हणजे आपल्या नववीच्या मुलीची अडचण मुळीच क्षुल्लक नव्हती.

दुसरी गोष्ट १९८० च्या सुमाराची. एमआयटी या प्रसिद्ध विद्यापीठातील एका प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर भेट म्हणून आला होता. तो अनेकांनी मिळून वापरायचा. पण त्यात कागद अडकला तर दूर बसलेल्याला कळत नसे. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरला त्यात सुधारणा करावयाची होती. कागद अडकताच सर्वांना निरोप जावा एवढीच त्याची इच्छा. परंतु प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामचा मूळ मजकूर त्याला कुणी देईना. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. जे प्रोग्राम वापरायचे ते वाचता आणि बदलताही आले पाहिजेत, हे त्याचे सूत्र. कप्स हाही असाच खुला प्रोग्राम आहे. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि १९९९ मध्ये तो लोकांच्या हाती आला.

व्यवस्थेची फाइल म्हणजे काय?

कप्सने कुणाचे ऐकावे आणि कुणाचे ऐकू नये, हे एका फाइलीत लिहिलेले असते. तिचे नाव 'कप्स-डी डॉट कॉन्फ'. ही फाइल 'ईटीसी' नावाच्या कपाटात, 'कप्स' या खणात असते. (मी फोनवर जे शब्द सांगितले ते इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत लिहावे लागतात. उच्चार आणि स्पेलिंग यांच्यातील या फरकाने आम्हांला पुढे कसे अडवले ते येईलच.)

अशा फाइलींना व्यवस्थेच्या फाइली म्हणतात. नाव ऐकून भीती वाटते, पण आत पाहिले तर साध्या ओळी असतात. एक शब्द, त्यापुढे त्याची किंमत. ज्या ओळीच्या आरंभी चौकटीचे चिन्ह असते ती ओळ संगणक वाचत नाही. ती माणसासाठी लिहिलेली टीप असते.

तरीही एक भीती रास्त आहे आणि ती मुलीने बोलून दाखवली. "सर, त्या संगणकात सगळ्या शाळेचं रजिस्टर आहे. भाऊसाहेब म्हणाले, काही बिघडलं तर जबाबदार कोण?"

मी तिला माझीच गोष्ट सांगितली. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. आमच्या विभागातील संगणकावर, चकतीचा कोणता भाग कुठे जोडायचा हे सांगणाऱ्या फाइलीत मी एक ओळ बदलली. मोठ्या आत्मविश्वासाने बदलली, आणि जुनी फाइल जपून ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिक परीक्षा, आणि संगणक सुरूच होईना. मूळ ओळ काय होती हेही मला आठवेना. मुले हातात जर्नल घेऊन व्हरांड्यात उभी राहिली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून आम्ही आधी तीन नियम ठरवले. पहिला, हात लावण्यापूर्वी फाइलीची नक्कल. दुसरा, एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर लगेच तपासणी. तिसरा, केलेला प्रत्येक बदल वहीत लिहावयाचा. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. एका वेळी एकच राशी बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, निरीक्षण नोंदवायचे. हे नियम ऐकून भाऊसाहेबांनी परवानगी दिली. "पण उद्या सकाळी मला पाच बोनाफाइड काढायचे आहेत, हे लक्षात ठेवा," असेही बजावले.

पहिला बदल: खिडकीची झडप

गुरुवारी शाळा सुटल्यावर काम सुरू झाले. मुलगी कळफलकावर, शेजारी बाई, आणि फोनवर मी.

मुलीने 'नॅनो' या साध्या लेखन-प्रोग्रामने फाइल उघडली. लगेच म्हणाली, "सर, उघडली, पण खाली लिहिलंय की यात लिहिता येणार नाही."

हे योग्यच होते. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला मालक असतो आणि कोणी वाचावे, कोणी लिहावे हे ठरलेले असते. व्यवस्थेच्या फाइलींचा मालक 'रूट', म्हणजे या घराचा कर्ता. ग्रंथालयातील संदर्भग्रंथ कुणीही वाचावा, पण त्यात पेनाने लिहू नये, तसा हा नियम. लिहिण्यासाठी आज्ञेच्या आधी 'सुडू' हा शब्द लावावा लागतो आणि परवलीचा शब्द द्यावा लागतो. त्याचा अर्थ, 'एवढे एक काम कर्त्याच्या अधिकाराने कर.' परवलीचा शब्द बाईंनी स्वतः टाइप केला.

प्रथम नक्कल. 'सीपी' या आज्ञेने फाइलीची प्रत काढली. प्रतीला नाव काय द्यावे? मुलीने मूळ नावापुढे टिंब देऊन 'जुनी' असे लिहिले. इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल मराठी नाव!

मग प्रयोगशाळेतील संगणकावर मैत्रिणीने ब्राउझरमध्ये कार्यालयाच्या संगणकाचा पत्ता, पुढे विसर्गासारखे चिन्ह आणि ६३१ असे लिहिले. उत्तर आले, 'जोडणी होत नाही.' हे पहिले निरीक्षण मी वहीत लिहायला लावले.

आता फाइलीत 'लिसन लोकलहोस्ट' आणि पुढे ६३१ अशी ओळ सापडली. लिसन म्हणजे ऐक, आणि लोकलहोस्ट म्हणजे हाच संगणक. हीच ती बंद झडप. ओळ खोडावयाची नाही. तिच्या आधी चौकटीचे चिन्ह लावले, म्हणजे ती निष्क्रिय झाली. खाली नवी ओळ लिहिली, 'पोर्ट ६३१'. अर्थात, या खिडकीवर सर्व बाजूंनी येणारे ऐक. फाइल साठवून 'सिस्टिम-सीटीएल रीस्टार्ट कप्स' ही आज्ञा दिली. कारण कप्स ही फाइल सुरू होतानाच वाचतो. नुसती फाइल बदलून त्याच्या वागण्यात फरक पडत नाही.

मैत्रिणीने पुन्हा तोच पत्ता उघडला. या वेळी उत्तर वेगळे आले, 'फॉरबिडन', म्हणजे मनाई.

"सर, झालं नाही!" मुलगी हिरमुसली.

"अगं, झालं की! आधी काय उत्तर होतं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधी कोणी दारच उघडत नव्हतं. आता कुणीतरी दार उघडून 'नाही' म्हणतंय."

अगदी बरोबर. मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. नकाराचे शब्द बदलले म्हणजे आपण एक टप्पा ओलांडला. चुकीचा संदेश दिसला की घाईने खिडकी बंद करू नका. तो वाचा. पुष्कळदा पुढची पायरी त्यातच लिहिलेली असते.

दुसरा बदल: पहारेकऱ्याची यादी

झडप उघडली, पण खिडकीवर पहारेकरी होता. फाइलीत थोडे खाली 'लोकेशन' या शब्दाने सुरू होणारे परिच्छेद असतात. कुणाला कुठपर्यंत येऊ द्यावे याचे नियम त्यांत असतात. पहिल्या परिच्छेदात एकच ओळ होती, 'ऑर्डर अलाउ, डिनाय'. या ओळीचा अर्थ असा की ज्याला स्पष्ट परवानगी दिलेली नाही त्याला मनाई. या ओळीखाली परवानगीची ओळ घालावयाची, 'अलाउ ॲट लोकल'. यातील 'ॲट लोकल' म्हणजे आपल्याच जाळ्यातील संगणक.

इथे 'अलाउ ऑल' लिहूनही काम झाले असते. मग कोणत्याही पत्त्यावरून येणाऱ्याला वाट मोकळी. पण दार गरजेपुरतेच उघडावे. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या 'कप्स-ब्राउझ्ड' या जोडीदार प्रोग्राममधील दोष जाहीर झाले. बाहेरून आलेल्या निरोपावर तो पडताळणी न करता विश्वास ठेवत असे. अनोळखी माणूस त्या वाटेने खोटा प्रिंटर नोंदवू शके, आणि त्यावर कुणी छपाई केली की आपल्या आज्ञा त्या संगणकावर चालवू शके. दोष दुरुस्त करण्यात आले, पण धडा राहिला. ज्याला येण्याची गरज आहे त्यालाच येऊ द्या. व्यवस्थापनाचा 'ॲडमिन' हा परिच्छेदही आम्ही तसाच ठेवला. प्रिंटर वाटून घ्यायचा होता, किल्ल्या नव्हे.

मी फोनवर ओळ सांगितली. मुलीने लिहिली, साठवली आणि कप्स पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली.

"सर, काहीतरी लाल अक्षरांत आलं. म्हणतंय, सुरू करता आलं नाही."

मी म्हटले, "कार्यालयातल्या संगणकावरून एक पान छापून बघ."

तेही छापले जाईना. कप्सच बंद पडला होता. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. शिपाईकाका कुलूप घेऊन दारात उभे होते. आता सकाळच्या बोनाफाइडचे काय? फोनमधून मला भाऊसाहेबांचा आवाज ऐकू आला, "मी म्हटलं नव्हतं?"

मुलीचा आवाज बारीक झाला. "सर, जुनी फाइल परत ठेवू का?"

"ठेवायला हरकत नाही. एका मिनिटाचं काम आहे, आणि सगळं पहिल्यासारखं होईल. पण जुनी फाइल हाताशी आहे, म्हणजे तू सुरक्षित आहेस. तेव्हा चूक कुठे आहे ते आधी विचारून घ्यायचं का?"

"कुणाला विचारायचं?"

"कप्सलाच."

कप्सची एक सोय फार उपयोगी आहे. 'कप्स-डी' ही आज्ञा उणे चिन्ह आणि 'टी' हे अक्षर लावून दिली, तर तो कामाला लागत नाही, फक्त आपली फाइल वाचून तपासतो. बाईंनी पुन्हा परवलीचा शब्द दिला. उत्तर आले, एकतिसाव्या ओळीत अनोळखी शब्द.

"एकतिसावी ओळ वाच बघू. अक्षरं एकेक करून."

तिने वाचली. 'ए, एल, ओ, डब्ल्यू.' एल एकच! इंग्रजीत या शब्दात दोन एल असतात. मी 'अलाउ' म्हणालो, तिने ऐकले तसे लिहिले. मराठीत आपण बरेचसे जसे बोलतो तसे लिहितो, त्यामुळे दोष तिचा नव्हताच. स्पेलिंग सांगावयास हवे होते, ती चूक माझी. माणसाने एकच एल पाहून काय म्हणायचे आहे ते ओळखले असते. संगणक ओळखत नाही, आणि पहारेकऱ्याच्या यादीबाबत त्याने अंदाज करू नये हेच बरे. यादी नीट कळली नाही म्हणून तो दार सताड उघडे टाकून बसला नाही. त्याने काम थांबवले आणि कारण सांगितले.

एक अक्षर वाढवले. पुन्हा तपासणी केली. उत्तर आले, फाइल 'ओके'. कप्स सुरू झाला. पहिले पान कार्यालयातूनच छापले, भाऊसाहेबांच्या समाधानासाठी. मग मैत्रिणीने पत्ता उघडला, तेव्हा मनाई जाऊन कप्सचे पान दिसले. प्रिंटरच्या माहितीत 'शेअर' या शब्दासमोर होकार आहे, हेही त्यांनी पाहून घेतले. तो नसेल तर इतके करूनही बाहेरून आलेले काम कप्स नाकारतो.

पलीकडचे टोक

आता प्रयोगशाळेतील दोन संगणकांना प्रिंटर कुठे आहे ते सांगणे उरले. जाळ्यात आपण होऊन पुकारा करणारी एक सोय कप्समध्ये आहे. तिचे नाव ब्राउझिंग. पण दोनच संगणकांसाठी दवंडी कशाला? आम्ही सरळ पत्ता लिहून टाकला. त्या संगणकांवर, त्याच खणात, 'क्लायंट डॉट कॉन्फ' नावाची नवी फाइल केली आणि तिच्यात एकच ओळ लिहिली, 'सर्व्हरनेम' आणि पुढे कार्यालयाच्या संगणकाचा पत्ता.

अहवालाचे पहिले पान प्रयोगशाळेतून पाठवले. कार्यालयात प्रिंटर घुरघुरला आणि पान बाहेर आले. जोडाक्षरे जागच्या जागी, आलेख त्याच पानावर!

फाँटची अडचण आपोआप कशी सुटली? पेनड्राइव्हवरून जात होता तो नुसता मजकूर. अक्षरांचे आकार कार्यालयातील संगणकाने आपल्याजवळचे वापरावयाचे, आणि तिथे ते नव्हते. आता छपाईचे काम पाठवताना पान पीडीएफ स्वरूपात जाते आणि वापरलेल्या अक्षरांचे आकार त्यातच बांधलेले असतात. पाहुण्याने आपले अंथरूण-पांघरूण बरोबर आणावे, तसे.

थोडे गणितही करून पाहू. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. प्रिंटर एका इंचात ६०० ठिपके देतो असे समजा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तेव्हा रुंदीत सुमारे ४,९६० आणि उंचीत सुमारे ७,०१६ ठिपके बसतील. गुणाकार केला की सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढे सांगायला एक बिट लागतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून पानाचे चित्र सुमारे ४३ लाख ५० हजार बाइटांचे झाले. याउलट त्याच पानावर २,००० देवनागरी चिन्हे असतील आणि प्रत्येकाला ३ बाइट लागत असतील, तर मजकूर फक्त ६,००० बाइटांचा. अक्षरांचे आकार जोडले तर तो वाढतो, पण ठिपक्यांच्या चित्रापेक्षा सहसा लहानच राहतो. आमच्या मांडणीत पानाचे ठिपक्यांत रूपांतर करण्याचे कष्ट कार्यालयातील संगणक घेतो. म्हणूनच प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर त्या प्रिंटरसाठी वेगळा प्रोग्राम बसवावा लागला नाही.

शुक्रवारची सकाळ

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण शुक्रवारी सकाळी पुन्हा फोन आला. "सर, कार्यालयातून छापलं जातंय. प्रयोगशाळेतून नाही!"

या वेळी मुलीने मला काही विचारण्यापूर्वीच वही उघडली होती. "सर, कालचं शेवटचं निरीक्षण, पान आलं. त्यानंतर आम्ही फाइलीत काहीच बदललं नाही. म्हणजे दुसरं काहीतरी बदललंय. रात्री लाइट गेली होती."

रात्री वीज गेली तेव्हा संगणकांना पत्ते वाटणारी पेटी, म्हणजे राउटर, बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. संगणकांना पत्ते वाटण्याचे काम तो करतो, आणि हे पत्ते कायमचे नसतात. सकाळी संगणक ज्या क्रमाने सुरू झाले त्या क्रमाने त्याने नवे पत्ते दिले. कार्यालयाच्या वाट्याला शेवटी १० ऐवजी १४ आला. प्रयोगशाळेतील संगणक जुन्याच पत्त्यावर निरोप धाडत होते.

बाईंनी राउटरच्या मांडणीत जाऊन कार्यालयाच्या संगणकासाठी १० हा क्रमांक राखून ठेवला. प्रत्येक संगणकाच्या जाळे-जोडणीला कारखान्यातच एक ४८ बिटांचा ओळखक्रमांक दिलेला असतो. त्यावरून राउटर तो संगणक ओळखतो आणि त्याची राखीव जागा त्यालाच देतो. दुपारपर्यंत चौदा पानांच्या तीन प्रती छापून झाल्या. भाऊसाहेबांचे पाच बोनाफाइड मध्येच रांगेत घुसले, ते वेगळे.

शनिवारी अहवाल प्रदर्शनात मांडला गेला.

एका आज्ञेचे काम

मित्रांनो, आता एक कबुली देतो. आम्ही कार्यालयाच्या संगणकावर फाइलीत जे बदल हाताने केले ते 'कप्स-सीटीएल' या आज्ञेला 'शेअर प्रिंटर्स' हे शब्द जोडून एका ओळीत करता येतात. शिवाय आजच्या अनेक नव्या प्रिंटरांना स्वतःचाच पत्ता असतो. ते सरळ जाळ्याला जोडले की झाले. मग एवढा खटाटोप कशासाठी?

कारण ती आज्ञा याच फाइलीत याच ओळी लिहिते. ती चालली तर उत्तमच. पण वीज गेल्यावर पत्ता बदलला तेव्हा आज्ञा पुन्हा देऊन काहीही झाले नसते. कोणती खिडकी, कोणता पहारेकरी, कोणता पत्ता हे ठाऊक होते म्हणून मुलीला वहीतून कारण शोधता आले.

परवा बाईंचा पुन्हा फोन आला होता. वहीतील ते पान मुलीने स्वच्छ लिहून काढले आणि ते आता प्रिंटरशेजारच्या भिंतीवर चिकटवले आहे. तारीख, काय बदलले, का बदलले आणि जुनी फाइल कुठे ठेवली आहे, असे चार रकाने आहेत. परवा कुणीतरी कार्यालयातील संगणकावर काही नवे बसवायला आले, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याला थांबवून विचारले म्हणे, "आधी नक्कल काढली का?"

करून पाहा

१. आपल्या शाळेत लिनक्स असेल तर शिक्षकांच्या परवानगीने 'कप्स-डी डॉट कॉन्फ' ही फाइल फक्त वाचा, बदलू नका. 'लिसन' किंवा 'पोर्ट' ही ओळ शोधा. तुमची खिडकी आत उघडते की बाहेरही?

२. पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. इंचाला ६०० ठिपके धरले तर त्यावर एकूण किती ठिपके बसतील? (उत्तर: सुमारे ७० लाख.)

३. तुमच्या शाळेतील संगणकांचा पत्ता रोज सकाळी आठवडाभर वहीत लिहून ठेवा. तो बदलतो का? बदलला, तर त्या रात्री काय घडले होते?